मदत हवी आहे : प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि मानदुखी

नमस्कार मंडळी. लॅपटॉप स्टँडवर चढवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची, कीबोर्ड-माऊस वेगळे जोडायचे, हा मानदुखीवरचा नेहमीचा उपाय प्रोग्रेसिव्ह चष्म्याला (एकाच काचेत वरून खाली दूरचा, मधला आणि जवळचा नंबर असलेला चष्मा) मात्र उलटा पडतो. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. त्यामुळे अक्षरं दिसावीत म्हणून हनुवटी वर जाते आणि कवटीच्या बुडाशी असलेले स्नायू तासन्‌तास आखडून राहतात. स्क्रीन दोन-तीन इंच खाली घेऊन किंचित मागे कलवली की हनुवटी उतरते, पण मग खांदे पुढे येतात.

असा चष्मा वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, स्क्रीन नेमकी किती खाली ठेवता? 60-65 सेंमी अंतरासाठी कॉम्प्युटरचा वेगळा चष्मा केल्याने फरक पडला का? हनुवटी मागे ओढण्याचा व्यायाम (5 सेकंद, 10 वेळा) चालू आहे. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा नाही. असता तर आधी डॉक्टरच गाठायला हवे.