गिटारसाठी ३१ बँडचा रॅक ईक्यू: घ्यायचा का नाही?

सहावी_तार

गणपती झाले की साउंडवाल्यांच्या गोदामातला जुना माल बाहेर पडतो. असाच एक दोन चॅनलचा, ३१ बँडचा ग्राफिक ईक्यू, म्हणजे आवाजाचा एकेक पट्टा (बँड) वेगळा वर-खाली करणारा, रॅकमध्ये बसणारा डबा, मला स्वस्तात मिळतोय. आमच्या बँडमधले सगळे म्हणतात, डोळे झाकून उचल. माझं मत उलट आहे, म्हणून हा धागा.

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ. वरच्या टोकाला १२ इंची गिटार स्पीकर पाच किलोहर्ट्झनंतर मान टाकतो. सेलेशनच्या व्हिंटेज ३० ची अधिकृत रेंजच ७० ते ५००० हर्ट्झ आहे. आता फेडर, म्हणजे प्रत्येक पट्ट्याची सरकती खुंटी, मोजा. २० ते ६३ हर्ट्झचे सहा आणि ६.३ ते २० किलोचे सहा, असे बारा आपल्या कामाचे नाहीत. उरले एकोणीस, त्यातले रोज हलणार चार. दोन चॅनलचे मिळून ६२ फेडर, आणि सोलापूरच्या धुळीत त्यातले किती खरखरणार ते वेगळंच.

रॅकमध्येच पैसे घालायचे तर चार बँडचा पॅरामेट्रिक घ्यावा. कुठली फ्रिक्वेन्सी, किती रुंद, किती वर-खाली, तिन्ही आपल्या हातात. ग्राफिकमध्ये जागा आणि रुंदी कारखान्यातच ठरून येते.

मांडववाला

मालक, जे फेडर तुम्ही वाया म्हणताय, त्यातले खालचे सहा मी सगळ्यात आधी ओढतो. ६३ आणि त्याखालचं काढलं की तळहातानं तारा दाबून वाजवतानाची धबधब कमी होते, बेस गिटारला आणि ड्रमच्या किकला जागा मिळते.

आणि पॅरामेट्रिकचे नॉब अंधारात वाचून दाखवा. हुतात्मा स्मृती मंदिरात स्टेजच्या कडेला उभं राहून मी ग्राफिककडे नुसती नजर टाकतो, आवाजाचा आकार समोर दिसतो. तुमचं कुठला नॉब कशाचा हे शोधेपर्यंत सोलो संपलेला असतो.

धुळीचं म्हणाल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि फेडर वीसदा वर-खाली करायचे. ६२ असले म्हणून काय, चहा येईपर्यंत होतात.

सहावी_तार

आकार दिसतो, पण दिसतो तसा ऐकू येत नाही. तुमच्या ग्राफिकचा एकेक बँड सप्तकाचा तिसरा हिस्सा. शिट्टी मारणारी एक जागा पकडून दाबायला ते झकास, म्हणून तर तो साउंडवाल्यांकडे असतो. गिटारला रुंद उठाव लागतो. त्यासाठी ६३०, ८००, १००० असे शेजारी-शेजारी उचलायचे, मग त्यांचे परिणाम एकमेकांवर चढतात आणि फेडर दाखवतात त्यापेक्षा आवाज जास्त वर जातो.

नऊ_व्होल्ट

का बे, दोघं तासभर भांडायलात, पण हा डबा जोडायचा कुठं ते कुणीच सांगंना!

गिटार थेट रॅकमध्ये घातली तर ट्रेबल मेली. पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाला, समोर एक मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) आसपास रोधाचा इनपुट लागतो, लाइन इनपुट असतो काही दहा हजार ओहमचा. मग राहिला अँपचा एफएक्स लूप, म्हणजे प्रीअँप (अँपचा पहिला टप्पा) झाल्यावर बाहेरचा डबा मध्ये जोडायची जागा. असे रॅक बहुतेक +४ डीबीयूच्या सिग्नल पातळीला, म्हणजे १.२३ व्होल्टला बनवलेले. छोट्या अँपचे लूप बऱ्याचदा −१० डीबीव्हीच्या, म्हणजे ०.३१६ व्होल्टच्या हिशोबाचे. जवळजवळ १२ डीबीचा फरक. बारीक सिग्नल वर ओढला की फुसफुसही सोबत वर येणार.

मी बॉसचा जीई-७ वापरतो. १९८१ पासून चालत आलेलं पेडल. १०० हर्ट्झ ते ६.४ किलो, सात फेडर, प्रत्येक १५ डीबी वर-खाली. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या पेडलच्या, आधी लावून ८०० उचलला तर तोच भाग जास्त फाटतो. नंतर लावला तर फाटून आलेल्या आवाजाला नुसता आकार मिळतो. दोन्ही आवाज वेगळे, आणि पेडल दोन्हीकडं हलवता येतं. रॅक लूपमध्ये गेला की प्रीअँपच्या फाटण्यानंतरच. वर सोलो आला की वाकून बायपास कोण दाबणार, ढोलकीवाला?

पूर्वभागकर

मेसा बूगीच्या मार्क मालिकेतल्या अँपवर फेडर पाचच असतात: ८०, २४०, ७५०, २२००, ६६००. मधला खाली, कडेचे वर, असा तो प्रसिद्ध व्ही आकार. मी त्याची नक्कल माझ्या दहा बँडच्या पेडलवर केली. ७५० ला फेडर नव्हता म्हणून ५०० आणि १००० दोन्ही तळाला नेले. घरी एकट्यानं वाजवताना अंगावर काटा!

आमची तालमीची खोली पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. ड्रम आणि बेस सुरू झाले की माझी गिटार वाजतेय हे फक्त माझ्या बोटांना कळायचं. चार महिने मी व्हॉल्यूम वाढवत राहिलो आणि खोलीमालकाच्या शिव्या खात राहिलो. शेवटी बेसवाल्यानं मला न विचारता ते दोन्ही फेडर मध्यावर आणले. त्या दिवशी मला व्हॉल्यूम कमी करावा लागला.

त्यामुळे दहा की एकतीस यात मला रस नाही. सहावी_तार, तुम्ही तो नग घरी ऐकलाय की सगळ्यांसोबत?

सहावी_तार

खरं सांगायचं तर अजून जोडलाच नाही. फेडर मोजूनच परत आलो.

नऊ_व्होल्ट

आणि आम्हाला सहा-सहा बारा शिकवायलाय!

मांडववाला

लेव्हलचा मुद्दा मान्य. अँपच्या मागं लूपची लेव्हल बदलायचं बटण असेल तरच घ्या, नसेल तर मीही नको म्हणेन. आणि तुम्ही सोडणारच असाल तर त्या माणसाचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. गड्ड्याच्या जत्रेतल्या कार्यक्रमांना स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरसाठी एक कमी पडतोय.

सहावी_तार

बटण आहे. रविवारी तालमीत लावून बघतो, नंबर त्यानंतर.