'प्रोग्रेस'ला काय लिहायचं, प्रगती की 'किती गेलं'?

धरमपेठकर:
भाऊ लोकांनो, एक शब्द अडला. शेतकऱ्यांसाठी कागद अपलोड करायचं वेबपेज मराठीत करून राहिलो, फाईल मोठी अन् गावातलं नेट स्लो, म्हणून किती गेलं ते सांगणारी पट्टी दाखवायची आहे. 'अपलोडची प्रगती ४० टक्के' असं लिहिलं तर शाळेचं प्रगतिपुस्तक वाटते. अन् जावास्क्रिप्टमधल्या प्रॉमिसचं (पुढं पूर्ण व्हायच्या कामाची जागा धरणारी वस्तू) 'पेंडिंग' म्हणजे 'प्रलंबित' लिहू काय?

महालवाली:
प्रलंबित नको दादा. हायकोर्टातली केस प्रलंबित असते, शेतकऱ्याला वाटीन आपला अर्ज कोणी अडवून ठेवला. पेंडिंग प्रॉमिस म्हणजे काम झालं पण नाही अन् फसलं पण नाही, एवढंच. त्यासाठी आपल्याकडे 'फाईल जाऊन राहिली' आहे ना! सगळ्या महाराष्ट्रासाठी असेल तर 'फाईल जात आहे' लिहा.

आयटीपार्कवाला:
शब्द ठरवायच्या आधी कोडला काय माहीत आहे ते पाहा. एक्सएचआरमध्ये (पेजवरून सर्व्हरशी बोलायची जुनी पद्धत) अपलोडवर प्रोग्रेस इव्हेंट लावला की 'लोडेड' (किती गेलं) अन् 'टोटल' (एकूण किती) दोन्ही मिळतात, तिथं '५ एमबीपैकी २ एमबी गेलं' बिनधास्त लिहा, टक्क्यापेक्षा ते लवकर समजते. फेचमध्ये (त्याच कामाची नवी पद्धत) अपलोडसाठी असा इव्हेंटच नाही. खाली येणाऱ्या डेटासाठी बॉडीचा, म्हणजे आलेल्या उत्तराचा, रीडर घेऊन बाइट मोजता येतात, पण सर्व्हर जीझिप करून, म्हणजे दाबून लहान करून, पाठवत असेल तर कंटेंट-लेंग्थ (सर्व्हरनं आधी सांगितलेली लांबी) दाबलेल्या साइझची असते अन् रीडर उघडलेले बाइट देते, मग पट्टी १०० च्या वर जाते. टोटल माहीत नसेल तर टक्का लिहूच नका, पट्टी दाखवणाऱ्या एचटीएमएलच्या प्रोग्रेस टॅगला व्हॅल्यू न देता ठेवा, पट्टी आपोआप हलत राहते, अन् बाजूला 'चालू आहे' लिहा.

महालवाली:
अन् 'झालं' हा शब्द फार जपून वापरा. सगळे बाइट गेले तरी सर्व्हरचं उत्तर यायचं असते, तिकडं फाईल तपासणं, सेव्ह करणं चालू असते. पट्टी भरली की 'झालं' दाखवलं तर माणूस मोबाइल खिशात टाकते. तिथं 'फाईल पोचली, तपासणी चालू आहे' लिहा, अन् उत्तर आल्यावरच 'जमा झाली'. तपासणीला खूप वेळ लागत असेल तर सर्व्हरनं लगेच २०२ ('घेतलं, काम अजून व्हायचं आहे' असा कोड) पाठवावं, पेजनं थोड्या थोड्या वेळानं विचारत राहावं.

धरमपेठकर:
'गेलं, पोचली, जमा झाली', मस्त जमलं. आता प्रॉमिस फसलं की येणाऱ्या 'रिजेक्टेड'ला 'नाकारलं' लिहू?

आयटीपार्कवाला:
नाही ना भाऊ! फेचचं प्रॉमिस ४०४ (सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये गडबड) आल्यावर रिजेक्ट होत नाही, नेट तुटलं, सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही, अशा वेळी होते. एक्सएचआरचं पण तसंच, ४०४ वर सुद्धा लोड इव्हेंट येते, स्टेटस आपल्याला पाहावं लागते. नेट तुटलं तर 'फाईल गेली नाही, पुन्हा पाठवा' लिहा. 'नाकारली' फक्त सर्व्हरनं फाईल पाहून नाही म्हटलं तेव्हा, अन् कारण सोबत लिहा, साइझ मोठी होती की फॉरमॅट चुकला.