ठोकळ्यापेक्षा काड्या बऱ्या

लाकडी ठोकळे हातात दिले की मुलं पृष्ठं, कडा, कोपरे आपोआप मोजतात, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. पृष्ठं मोजतात, कारण त्यांवर तळवा टेकतो. कडांपाशी मात्र घोळ होतो. माझी सात वर्षांची भाची ठोकळा फिरवत फिरवत मोजायची आणि उत्तर कधी नऊ, कधी चौदा. सुरुवात कुठून केली तेच विसरायची. (खडूने खुणा करायला सांगितल्या, तर हात, फ्रॉक, ठोकळा सगळं पांढरं आणि उत्तर तेरा!)

शेवटी ठोकळा बाजूला ठेवला आणि तिला टूथपिक्स नि मातीच्या गोळ्या दिल्या. घनासाठी ८ गोळ्या, १२ काड्या. काडी म्हणजे कडा, गोळी म्हणजे शिरोबिंदू, म्हणजेच कोपरा. मोजूनच घेतल्यावर चुकणार कुठे? पण खरी गंमत पुढेच. तिचा घन सारखा एका अंगाला कलंडायचा. ६ काड्या नि ४ गोळ्यांचा त्रिकोणी मनोरा मात्र दाबला तरी हलेना. चौरसाच्या बाजू तेवढ्याच राहून कोन बदलू शकतात, मग तो नुसता समभुज चौकोन उरतो. त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोनही ठरले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, बोटांनाच कळलं. घनाच्या सहाही पृष्ठांवर एकेक तिरपी काडी बसवली की तोही घट्ट होतो. फक्त ती काडी बाजूच्या साधारण १.४ पट लांब लागते. "हीच का पुरत नाही?" असं टूथपिक नाचवत तिनेच विचारलं.