क्रेऑन तिसऱ्या नटाचा!
सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ग्रीक नाटकाबद्दल म्हणतात, 'राजाचा हुकूम मोडणारी अँटिगनी पुरुषी वागते म्हणून थीब्जचा राजा क्रेऑन चिडतो'; हा मुद्दा मान्य. हिला शिक्षा झाली नाही तर पुरुष मी नव्हे, ही, असं तो स्वतःच म्हणतो. पण नुसते संवाद वाचले की पात्रवाटप राहून जातं. तेव्हाच्या ग्रीक रंगभूमीवर बोलणारे नट तीनच, सगळे पुरुष, मुखवटे घातलेले; तेच सगळ्या भूमिका वाटून घ्यायचे. अँटिगनी, तिची बहीण इस्मिनी आणि क्रेऑन एका प्रवेशात एकत्र आहेत, म्हणजे तिथेच तिघे संपले. पुढे क्रेऑनचा मुलगा हीमॉन कोण करणार? तो आणि अँटिगनी रंगमंचावर एकदाही समोरासमोर येत नाहीत (वाग्दत्त असून!), त्यामुळे तिचाच नट मुखवटा बदलून बापाशी वाद घालू शकतो. आणि क्रेऑन मोठी भूमिका वाटते ना? इ.स.पू. 343 मध्ये अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस आपला प्रतिस्पर्धी, एकेकाळचा नट एस्किनिस याला टोमणा मारतो: अँटिगनी थिओडोरस, अरिस्टोडेमससारखे नामवंत नट करायचे, तुझ्या वाट्याला तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात दुय्यम नटाचा क्रेऑन. अर्थात ही पुढच्या शतकातल्या प्रयोगांची गोष्ट.

कोरस, म्हणजे नाटकातला गाणारा समूह, तोही बघा. युरिपिडीसच्या नाटकातल्या मेडियाला करिंथच्या बायका मिळतात, तिचा बेत ऐकूनही त्या तो कुणाकडे फोडत नाहीत. अँटिगनीभोवती मात्र थीब्जचे म्हातारे, तेही राजानेच बोलावलेले.