उधारीचा भाव म्हणजे व्याज नव्हे
‘उधारीवर जास्त भाव लावला की ते व्याजच’ हा आक्षेप अनेकजण घेतात, आणि तो कुराणातच आलाय. दुसऱ्या सूरेतली (अध्यायातली) 275वी आयत (वचन) ‘व्यापारही व्याजासारखाच’ म्हणणाऱ्यांना उत्तर देते: व्यापार वैध, रिबा म्हणजे व्याज निषिद्ध. मला पटतं ते असं, की प्रश्न नफा किती याचा नाही, जोखीम कोणाची याचा आहे. मुराबहात, म्हणजे मूळ किंमत आणि नफा उघड सांगून केलेल्या विक्रीत, विकणाऱ्याला माल आधी स्वतःच्या ताब्यात घ्यावा लागतो. गिऱ्हाइकाच्या हाती देईपर्यंत नुकसान झालं तर त्याचंच. आणि ठरलेला भाव हप्ता थकला म्हणून वाढवता येत नाही.

मोहम्मद अली रोडवर आमच्या ओळखीचे एक कापडवाले चाचा आहेत. उधारीचा भाव ते सौद्याच्या वेळीच सांगतात. गिऱ्हाईक अडचणीत आलं तर मुदत वाढवतात, रक्कम तीच. 280वी आयतही अडलेल्या कर्जदाराला सवड द्या असंच सांगते.