आटे गेले म्हणून हेड बदलू नका
गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगच्या भोकाचे आटे गेले, आता मेकॅनिक नवं हेडच (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) टाकायला सांगतोय, असं तुम्ही म्हणताय. जरा थांबा. प्लग बहुधा १४ मिमी, १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) असेल. त्या मापाचा स्टीलचा इन्सर्ट, म्हणजे खराब भोकात बसवायची नव्या आट्यांची नळी, बसतो. त्यात मला तारेच्या कॉइलपेक्षा भरीव बुश (अखंड नळी) पटतो, कॉइल कधीकधी प्लगबरोबरच बाहेर येते.

हेड न उतरवता करायचं तर टॅपच्या (इन्सर्टसाठी आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस ठासून भरा, दर दोन-तीन फेऱ्यांनी काढून पुसा. ॲल्युमिनियमचा कीस आत पडला तर सिलिंडरला ओरखडे पडायची भीती. हेड उतरवलंच, तर आपल्या बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मशीनशॉपांना काय तोटा!

नवा प्लग मात्र थंड इंजिनातच, आधी रबरी नळीने हाताने फिरवा. अडला तर पान्याने रेटू नका, उलटा फिरवून पुन्हा धरा.