रोजच्या वापराला क्रॉसओव्हर: पेट्रोल की डिझेल?

प्रश्न: घरात चौघं, त्यात एक तान्हं. रोज आठ-दहा किलोमीटर, तेही ट्रॅफिकमधून. कटकट नको. डिझेल क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी उंच, पण कारच्या बांध्याची गाडी) घ्यावी का?

उत्तर १: नकोच. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी जळायला तो सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. छोट्या फेऱ्यांत हे काम अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो. वर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ होतं. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं साधं पेट्रोल इंजिन बघा.

उत्तर २: ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा गिअरबॉक्स) घ्या. ड्राय क्लचचा डीसीटी, म्हणजे तेलात न बुडलेल्या दोन क्लचचा गिअरबॉक्स, रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो.

उत्तर ३: टेस्ट ड्राइव्हला चाइल्ड सीट सोबत न्या. उलट्या तोंडाची सीट आयसोफिक्सला (चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्यांना) लावली की पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का, तेवढं बघा. डिकीची चटईही उचला. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट निघतं!